'मी काहीच शिकले नाही' असं रिफ्लेक्शनमध्ये लिहू का?

ताई, मी मालवणजवळच्या एका गावातली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा आमच्या कॉलेजचा पोर्तुगालमधल्या एका युनिव्हर्सिटीबरोबर ऑनलाईन प्रोजेक्ट झाला, सप्टेंबर ते नोव्हेंबर, विषय किनारपट्टीवरची माणसं आणि त्यांचे व्यवसाय. पाच जणांचा ग्रुप होता, आम्ही दोघी इकडच्या आणि तिघं तिकडचे. आता त्यावर हजार शब्दांचं रिफ्लेक्शन द्यायचंय, की मी यातून काय शिकले.

खरं सांगू का, मी बहुतेक मीटिंगमध्ये गप्पच होते. नेट जायचं, कॅमेरा बंद ठेवायला लागायचा, त्यांचं इंग्लिश ऐकून माझं वाक्य तोंडातच राहायचं. ऑक्टोबरच्या शेवटी एकदा नेहमीसारखी साडेसातला जॉईन झाले तर कोणीच नाही, थांबून थांबून निघून आले, नंतर कळलं मीटिंग साडेआठला झाली, मला कोणी सांगितलंच नव्हतं. विषयाचा कुठला भाग घ्यायचा तेही त्यांनीच ठरवलं, मला म्हणाले फोटो पाठव, मासळी बाजाराचे नि होड्यांचे, मी पाठवले. शेवटच्या प्रेझेंटेशनमध्ये फोटो माझे आणि बोलणं त्यांचं.

एकदा त्यातल्या एका मुलाने त्यांच्याकडच्या जुन्या मासेमारीचा व्हिडिओ दाखवला, होडीतून जाळं टाकून किनाऱ्यावरून ओढतात, मी बघतच राहिले कारण ती तर आमची रापण होती! माझे आजोबा आयुष्यभर रापणीत होते, काका अजून जातात. पण मी काही बोलले नाही, चॅटमध्ये फक्त 'नाइस' टाकलं. का ते मलाच कळत नाही.

मैत्रिणीने चॅटजीपीटीकडून लिहून घेतलंय, मस्त झालंय. मी काहीच शिकले नाही असं लिहिलं तर मार्क जातील आणि शिकले म्हणून लिहिलं तर खोटं होईल. काय करू? आणि त्या मुलाला आता मेसेज करावा का? प्रोजेक्ट तर संपला.

————

अगो, 'काहीच शिकले नाही' असं लिहिणाऱ्या मुलीनेच त्याच पत्रात खाली रापणीचं लिहिलंय, आणि ते वाचल्यावर मला वाटलं की हिचं रिफ्लेक्शन निम्मं तर झालेलंच आहे. तुझ्या हजार शब्दांतले निदान सहाशे त्या एका 'नाइस'वर खर्च कर, माझा सल्ला थोडक्यात एवढाच आहे, बाकी सगळं आता त्याचंच स्पष्टीकरण.

आधी हे रिफ्लेक्शन मागतात कशाला ते सांगते, कारण मुलांना ते मार्कांसाठी लावलेलं शेपूट वाटतं. हे ऑनलाईन एक्सचेंज लॉकडाऊनमध्ये आलं असं पुष्कळांना वाटतं पण तसं नाहीये, 1988 मध्ये, म्हणजे शीतयुद्ध संपायच्याही आधी, न्यूयॉर्क राज्यातल्या आणि मॉस्कोतल्या शाळा कॉम्प्युटरवरून जोडल्या गेल्या होत्या, त्यातूनच पुढे आयअर्न नावाचं शाळांचं जाळं उभं राहिलं. युरोपात 2005 पासून शाळांसाठी ईट्विनिंग नावाचा असाच उपक्रम आला, आणि कॉलेजसाठी ज्याला कॉइल म्हणतात (तुमचा प्रोजेक्ट बहुतेक त्याच पद्धतीचा असणार) त्याचं सेंटर अमेरिकेतल्या स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने 2006 मध्ये काढलं. इतक्या वर्षांत शिक्षकांना एक गोष्ट नक्की कळलीये, की दोन देशातली मुलं स्क्रीनवर समोरासमोर बसवली म्हणून शिकणं आपोआप होत नाही, उलट कधीकधी जे गैरसमज घेऊन मुलं आत आली तेच जास्त पक्के करून बाहेर पडतात. 'त्या लोकांना आपल्याशी काही देणंघेणं नाही', 'ती मुलं बोलतच नाहीत, त्यांना इंटरेस्ट नसतो', असे. म्हणून शेवटी थांबून मागे वळून बघायला सांगतात.

आणि मागे वळून बघायचं ते कुठे, तर जिथे अडलं तिथे. कोलंबिया युनिव्हर्सिटीत बाबासाहेब ज्यांच्या वर्गात बसले होते ते जॉन ड्युई, त्यांनी 1910 मध्येच मांडलंय की माणूस खरा विचार करायला लागतो तो कुठेतरी गोंधळल्यावर, रस्त्याला दोन फाटे फुटल्यावर, सगळं सरळ चाललेलं असताना नाही. तुझ्या पत्रात असे तीन अडलेले क्षण आहेत, रापणीचा व्हिडिओ, साडेसातची रिकामी मीटिंग, आणि 'फोटो पाठव'. मैत्रिणीच्या 'मस्त' लेखात असा एक तरी आहे का बघ.

मला तो लेख न वाचताही साधारण माहितीये, मी कॉलेजात शिकवते आणि असे लेख ढिगाने वाचलेत. या प्रोजेक्टमुळे माझा दृष्टिकोन व्यापक झाला, मला टीमवर्कचं महत्त्व समजलं, वेगळ्या संस्कृतीचा आदर करायला शिकले, संवादकौशल्य सुधारलं. यातलं एकेक वाक्य बरोबर आहे आणि एकही तिचं नाही. सोपी परीक्षा सांगते, त्या लेखात पोर्तुगालच्या जागी पोलंड टाक आणि मालवणच्या जागी मराठवाडा टाक, तरी लेख जसाच्या तसा चालला तर समज त्यात ती मुलगी कुठे नाहीच. मैत्रिणीला दोष देऊ नकोस, तिलाही तुझ्यासारखंच वाटलं असेल की आपल्याकडे लिहिण्यासारखं काही नाही, नि भीतीपोटी तयार वाक्यं घेतली असतील. पण तू तसं करू नकोस, कारण तुझ्याकडे आहे.

कॉलेजने तुम्हाला बहुतेक एक फॉरमॅट दिला असेल, काय झालं, मग त्याचं काय, आता पुढे काय. हे तीन प्रश्न टेरी बॉर्टन नावाच्या अमेरिकन शिक्षकाने 1970 मध्ये मांडले, पुढे 1988 मध्ये गिब्ज नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने सहा पायऱ्यांचं चक्र केलं, त्यात 'तेव्हा मनात काय चाललं होतं' याला वेगळी पायरी आहे. फॉरमॅट कुठलाही असू दे, मुलं मधलाच प्रश्न गाळतात. काय झालं ते दोन ओळीत, नि लगेच उडी मारून 'यापुढे मी आत्मविश्वासाने बोलेन'. अरे पण मध्ये काय झालं ते कुठेय? का बोलली नाहीस? बाकी सगळे शब्द त्या मधल्या प्रश्नासाठी ठेवायचे असतात.

तर आता त्या व्हिडिओकडे येऊया. तो मुलगा दाखवत होता ती आर्ते शावेगा असणार, पोर्तुगालच्या मध्य किनाऱ्यावर प्राया दे मीरा वगैरे गावांत अजून चालते. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी आत जाते, जाळं सोडत वळसा घेते, दुसरं टोक घेऊन परत येते, मग दोन्ही बाजूंनी ओढायचं. म्हणजे तुझे डोळे बरोबर होते, आजोबांनी आयुष्यभर जे केलं तेच. आणि ते बघून तुझ्या तोंडून एक शब्द, तोही तुझा नाही.

का? इंग्लिश हे उत्तर पटकन येईल, नि ते थोडं खरंही आहे, पण तेवढ्यावर थांबू नकोस. 'वी हॅव धिस टू' हे चार शब्द तुला येत होते. मग अडलं कुठे? मी काही शक्यता सांगते, पण त्या उचलून लिहू नकोस, स्वतःला विचार आणि जी टोचेल ती लिही. एक म्हणजे घरात रापणीबद्दल काय ऐकत मोठी झालीस? आपल्याकडे पुष्कळ घरांतून पोरांना हेच सांगतात की शिक, नोकरी बघ, या रापणीत काय ठेवलंय, आणि सांगणारा आजोबाच असतो ज्याला रापणीतलं सगळं कळतं. दुसरं, त्यांचा व्हिडिओ कसा होता? स्वच्छ कॅमेरा, वर संगीत, किनाऱ्यावर बघायला आलेली माणसं, म्हणजे ती गोष्ट अभिमानाने दाखवायची म्हणून दाखवलेली. आपल्याकडे रापण पेपरात येते ती बहुतेक भांडणाच्या बातमीत, पर्ससीनवाले (यांत्रिक होड्यांतून मोठी गोल जाळी टाकणारे) विरुद्ध पारंपरिक मच्छीमार, 2016 मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले तरी वाद काही मिटलेला नाही. मग तुला असं वाटलं का की त्यांचं ते हेरिटेज आणि आपलं ते गरिबी? वाटलं असेल तर लिही. ते लिहायला लाज वाटेल, पण त्यात लाजण्यासारखं काही नाही, ते तुझ्या एकटीच्या डोक्यात उगवलेलं नाहीये, शाळेच्या पुस्तकापासून टूरिस्टांच्या रीलपर्यंत सगळ्यांनी ते तुझ्यात भरलंय. आणि तिसरी शक्यता, तुला वाटलं असेल की प्रोजेक्टमध्ये 'माहिती' म्हणजे रिपोर्ट, पीडीएफ, आकडे, घरात बसून ऐकलेलं ते माहिती धरत नाहीत. माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण तू सहा महिने वाचून मिळवता येणार नाही असं ज्ञान घेऊन त्या मीटिंगमध्ये बसली होतीस आणि तुला स्वतःला ते ज्ञान वाटलं नाही.

यातलं जे खरं असेल ते लिहिलंस की ते शिकणंच आहे. 'मी रापणीबद्दल बोलले नाही, कारण मला ती दाखवण्यासारखी गोष्ट वाटत नव्हती, आणि हे मला एका परदेशी मुलाने त्याची रापण दाखवल्यावर कळलं.' हे वाक्य कुठलंही मशीन तुला लिहून देणार नाही, त्याला तुझे आजोबा माहीत नाहीत.

पण इथे एक सांभाळ. आता तुला मोह होईल की शेवटी 'माणसं सगळीकडे सारखीच' असं लिहून टाकावं. बघायला छान वाटतं ते, पण तसं लिहिलं की विचार बंद पडतो. रापण आणि शावेगा सारख्या आहेत तशा वेगळ्याही आहेत, नि वेगळेपणातच जास्त बघण्यासारखं आहे. त्यांच्याकडे पूर्वी जाळं ओढायला बैल जुंपायचे, आता ट्रॅक्टर लावतात. आपल्याकडे माणसंच ओढतात, दोन्ही दोरांवर रांगेने उभी राहून, आणि येता जाता कोणी हात लावला तर त्याच्याही पिशवीत चार मासे पडतात, मग बाकीचे वाटे ठरलेल्या पद्धतीने होतात. ट्रॅक्टर आला की माणसं कमी लागतात, मग त्यांच्याकडे वाटे कसे होत असतील? जुने लोक कुठे गेले? आपल्याकडे ट्रॅक्टर आला तर त्या चार माशांचं काय होईल? हे प्रश्न तुझ्या रिफ्लेक्शनमध्ये उत्तराशिवाय आले तरी चालतील, प्रश्न विचारता आला हेसुद्धा शिकल्याचा पुरावाच आहे. आणि वाट्यांचं सगळं आजोबांना विचारून घे, मी सांगितलंय तेवढ्यावर जाऊ नकोस, गावोगाव रीत वेगळी असते.

आता साडेसातची मीटिंग. हे तुला लिहावंसंही वाटलं नसतं कदाचित, पण मला ते वाचताना एकदम लक्षात आलं. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात. सप्टेंबरात त्यांचे दुपारचे तीन म्हणजे आपले साडेसात, आणि त्या रविवारनंतर त्यांचे तेच तीन म्हणजे आपले साडेआठ. त्यांच्यासाठी मीटिंग हललीच नव्हती! त्यांच्या कॅलेंडरवर तीन होते ते तीनच राहिले, म्हणून तुला सांगायला हवं हे त्यांच्या डोक्यातही आलं नसणार, आणि आपल्याकडे घड्याळ कधी बदलतच नाही म्हणून असं काही असतं हे तुझ्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. (शिक्षकांनी दोन्हीकडच्या मुलांना हे आधी सांगायला हवं होतं, हे मी शिक्षिका म्हणूनच म्हणते, प्रोजेक्ट ऑक्टोबर ओलांडणार असेल तर पहिल्याच दिवशी सांगायची गोष्ट आहे ही.)

पण बघ, तू मोबाईल धरून एकटी बसलीस तेव्हा तुला काय वाटलं? की मला वगळलं. आणि ते वाटणं का आलं, कारण आधीच दोन महिने तुला थोडंथोडं वगळल्यासारखं वाटतच होतं, मग घड्याळाची गोष्टसुद्धा त्यातच जाऊन बसली. रिफ्लेक्शनमध्ये हे असंच मांड, काय झालं, मी त्याचा काय अर्थ लावला, दुसरा काय अर्थ निघू शकतो, आणि माझा अर्थ मला इतका पटकन का पटला. नंतर ग्रुपवर विचारलंस का की काय झालं म्हणून? नसेल विचारलं तर तेही लिही.

यावरून तुझ्या गप्प राहण्याकडे येते. तू पत्रात सगळं स्वतःवर घेतलंयस, माझं इंग्लिश, माझं नेट, माझा कॅमेरा. रॉबर्ट ओ'डाऊड आणि मार्कुस रिटर या दोन अभ्यासकांनी 2006 मध्ये अशा ऑनलाईन प्रोजेक्टमध्ये बोलणं कुठे फसतं यावर काम केलं, आणि त्यांनी कारणं वेगवेगळ्या थरांवर मांडली, एक थर विद्यार्थ्याचा स्वतःचा, दुसरा वर्गाचा म्हणजे काम कसं आखलं आणि शिक्षकांनी आपसात काय ठरवलं, तिसरा संस्थेचा आणि समाजाचा, म्हणजे कोणाकडे काय साधनं, कुठलं वेळापत्रक, दोन देशांची एकमेकांकडे बघायची नजर, आणि चौथा प्रत्यक्ष बोलण्याचा, कोण कसं बोलतं नि समोरचा त्याचा काय अर्थ घेतो. मला हे फार उपयोगी वाटतं, कारण मुलं नेहमी एकाच टोकाला जातात, सगळं माझंच चुकलं नाहीतर सगळं त्यांचंच चुकलं.

तुझं नेट जातं हा तुझा दोष आहे का? आपल्याकडे पावसाळा लांबला की लाईट जाते, लाईट गेली की टॉवर जातो, तौक्ते वादळाच्या वेळी 2021 च्या मे महिन्यात सिंधुदुर्गातली किती गावं दिवसच्या दिवस अंधारात होती ते तू बघितलंयस. लॉकडाऊनमध्ये कोकणातली मुलं नेटवर्कसाठी डोंगरावर जाऊन बसायची. हे तिकडच्या तिघांना कोण सांगणार? त्यांना दिसला तो काळा चौकोन आणि त्यात तुझं नाव, त्यावरून त्यांनी काय समजायचं? तू एक वाक्य चॅटमध्ये टाकलं असतंस की नेट कमी आहे म्हणून कॅमेरा बंद, मी ऐकतेय, तर गोष्ट वेगळी झाली असती. आणि त्यांच्यातल्या एकाने विचारलं असतं तरी वेगळी झाली असती. दोन्ही लिही, दोन्ही खरं आहे.

'फोटो पाठव' याचा तुला राग आलाय, पत्रात तू तसं म्हटलेलं नाहीस पण 'फोटो माझे आणि बोलणं त्यांचं' यात तो आहे, आणि तो राग रास्त आहे. एका बाजूने माल पाठवायचा आणि दुसऱ्या बाजूने त्याचा अर्थ सांगायचा ही वाटणी काही नवीन नाही, किनाऱ्यावरच्या लोकांना तर नाहीच. हे लिहायला घाबरू नकोस. फक्त लिहिताना नावं घेऊ नकोस, 'ग्रुपमधला एक सहकारी' असं म्हण, आणि जे घडलं तेवढंच घडलं म्हणून लिही. 'त्यांनी मला कमी लेखलं' हे तुझं अनुमान आहे. 'विषय ठरवताना मला विचारलं नाही आणि मीही हरकत घेतली नाही' ही घटना आहे. घटना आधी, अनुमान नंतर, आणि अनुमानाला 'मला असं वाटलं' हे शब्द लाव. तेवढं केलंस की राग तक्रार वाटत नाही, विचार वाटतो. आणि एकदा हेही विचारून बघ स्वतःला, की त्या फोटोंखाली काय लिहायचं हे तू सांगितलं होतंस का, की नुसते फोटो सोडले? तू पाठवलेल्या बाजाराच्या फोटोत कोण बाई बसलीये, ती पाटी कुणाकडून घेते, पहाटे किती वाजता येते, हे तुला माहीत होतं ना?

बरं, लिहायला बसायच्या आधीची कामं. आठवणीवर लिहू नकोस, आठवण सगळं सारवून टाकते. व्हॉट्सअॅप ग्रुपचं चॅट एक्सपोर्ट कर, गुगल डॉकमध्ये व्हर्जन हिस्टरी असते ती उघड, त्यात कोणी कधी काय लिहिलं नि काय खोडलं ते दिसतं, मीटिंगचं चॅट सेव्ह असेल तर ते काढ, रेकॉर्डिंग असेल तर त्या व्हिडिओच्या आधीची नि नंतरची पाच मिनिटं परत बघ. कदाचित तुला दिसेल की तू समजतेस तेवढी गप्प नव्हतीस, डॉकमध्ये दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली असशील, कोणाच्या प्रश्नाला रात्री उत्तर दिलं असशील, पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद का असते ते समजावलं असशील. ते पण शिकणं आणि शिकवणंच आहे, फक्त ते मीटिंगमध्ये तोंडाने झालं नाही म्हणून तू मोजलं नाहीस. आणि खरंच गप्प असशील तर तेही दिसेल, आणि मग निदान तारखेनिशी लिहिता येईल.

मग पहिला ड्राफ्ट इंग्लिशमध्ये लिहू नकोस. खरं तर लिहूच नकोस, मोबाईलवर व्हॉइस नोट कर, मालवणीत, जशी तू घरी आईला सांगशील की असं असं झालं नि मी गप्प बसले. ते ऐकून मराठीत उतरव, मग त्याचं साधं इंग्लिश कर, छोटी वाक्यं चालतात. डायरेक्ट इंग्लिशमध्ये बसलीस की जे येतं तेच लिहिलं जातं, जे म्हणायचं ते राहून जातं, आणि मग शेवटी ती व्यापक दृष्टिकोनवाली वाक्यं येतात कारण तीच पाठ असतात. स्पेलिंग नि व्याकरणाला चॅटजीपीटीची मदत घ्यायला माझी हरकत नाही, पण मॅडमना तसं सांग, आणि परत आलेलं वाचताना बघ की तुझा 'नाइस' अजून आहे का, की त्याने तो गुळगुळीत करून 'अर्थपूर्ण सांस्कृतिक देवाणघेवाण' करून ठेवलाय.

मार्कांचं विचारलंयस. मी तुझ्या मॅडमच्या वतीने शब्द देऊ शकत नाही, पण रिफ्लेक्शन तपासताना आम्ही साधारण हेच बघतो की प्रसंग नेमका आहे का, स्वतःच्या गृहीतकाला हात घातलाय का, दुसऱ्या बाजूने बघितलंय का, पुढे काय करणार ते त्या प्रसंगातूनच निघतंय का. प्रोजेक्ट किती यशस्वी झाला याचे मार्क नसतात. 'मी काहीच शिकले नाही' एवढंच लिहून सोडलंस तर मार्क जातील, आणि जायलाच हवेत, कारण ते खरं नाहीये. धाकधूक वाटत असेल तर सबमिट करायच्या आधी पहिली दोन पानं मॅडमना दाखव नि सरळ विचार, मी अडलेल्या गोष्टींवर लिहितेय, चालेल ना? विचारायला जाणाऱ्या मुली फार कमी असतात, त्याचं आम्हाला बरं वाटतं.

राहिला तो मुलगा. मेसेज कर. प्रोजेक्ट संपला म्हणजे ग्रेडिंग संपलं, ओळख नाही संपली, उलट आता त्याला तुझ्याकडून फोटो नकोत आणि तुला त्याच्याकडून मार्क नकोत, त्यामुळे बोलणं सोपं होईल. लांब माफीनामा लिहू नकोस, गप्प का होते याचं पुराणही नको. काकांना विचारून (त्यांना आणि बाकी रापणकरांना विचारल्याशिवाय व्हिडिओ काढू नकोस, पाठवूही नकोस) एक मिनिटाचा रापण ओढतानाचा व्हिडिओ काढ आणि तो पाठव. सोबत एवढंच, की तू दाखवलेली शावेगा बघून मला आश्चर्य वाटलं होतं पण तेव्हा बोलले नाही, आमच्याकडे याला रापण म्हणतात, माझे आजोबा यात होते. आणि मग एक प्रश्न, तुझा नाही, आजोबांचा. त्यांना तो व्हिडिओ दाखव, म्हणावं बघा, ही पोर्तुगालातली रापण, तुम्हाला या लोकांना काय विचारायचंय? माझा अंदाज आहे ते जाळ्याच्या आसाचं (भोकांच्या आकाराचं) विचारतील नाहीतर तारल्यांचं विचारतील, तारली म्हणजे सार्डिन, तो त्यांच्याकडेही मुख्य मासा आहे आणि त्याच्या पकडीवर कोटा आणि बंदीचे महिनेही असतात, त्यामुळे बोलायला खूप आहे. जे विचारतील ते तसंच्या तसं इंग्लिशमध्ये पाठव.

आणि हा मेसेज रिफ्लेक्शन सबमिट करायच्या निदान चार दिवस आधी पाठव. उत्तर आलं तर 'आता पुढे काय' या भागात ते घालता येईल, नाही आलं तर आजोबांनी काय विचारलं तेवढं घाल.